वाढदिवस, मित्र आणि हॉटेलातले टेबल

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. आजचा विषय त्या मानाने अगदीच लहान आहे. एखाद्याचा वाढदिवस असतो. संध्याकाळी तो आपल्या मित्राला म्हणतो, "चल, आज बाहेर जेवू." दोघे शहरातल्या एखाद्या हॉटेलात शिरतात, समोरासमोर बसतात, पोटभर जेवतात, बिल चुकते करतात आणि बडीशेप चघळत घरी जातात. यात इतिहास तो कोणता, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, या साध्या संध्याकाळीत महाराष्ट्राच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या सामाजिक इतिहासाचा मोठा भाग सामावलेला आहे. हे दोघे ज्या टेबलाशी बसले, ते टेबल तेथवर येण्यासाठी पुष्कळ माणसांना पुष्कळ सोसावे लागले आहे.

विचार केला तर या एका जेवणात तीन जुने नियम मोडलेले दिसतील. अन्न कोणाच्या हातचे आहे, हे विचारले जात नाही. शेजारी किंवा समोर कोण बसले आहे, हे विचारले जात नाही. आणि वाढदिवस हा कुळाचा, देवघराचा दिवस न राहता स्नेह्याचा दिवस झालेला असतो. हे तीन नियम एकदम मोडले नाहीत आणि सर्वांसाठी सारखेही मोडले नाहीत. ते कसकसे मोडत गेले, याचीच ही हकीकत आहे.

प्रथम वाढदिवस पाहू. आपल्या जुन्या घरांतून वाढदिवस नव्हता असे नाही. तो तिथीने येई आणि घरातच होई. सकाळी अभ्यंगस्नान, मग कुलदेवतेची पूजा, मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण, तीळ आणि गूळ घातलेल्या दुधाचे प्राशन, मग औक्षण. या सर्वांचा हेतू एकच, आयुष्य वाढावे. वाढदिवस या शब्दातली 'वाढ' तीच. धर्मशास्त्राने त्या दिवशी काय करू नये, हेही सांगून ठेवले आहे. नखे व केस कापू नयेत, भांडू नये, हिंसा करू नये, मांसाशन करू नये आणि प्रवास करू नये. आज वाढदिवसाच्या दिवशी आपण डोंबिवलीहून लोकलने निघून फोर्टात बिर्याणी खायला जातो, तेव्हा त्यातले दोन निषेध तरी पायदळी तुडवतो. गाडीत बसायला जागा मिळाली नाही, तर तिसराही!

या जुन्या विधीत मित्राला जागा कोठे होती? आई होती, बहीण होती, सुवासिनी होत्या, उपाध्ये होते. मित्र आलाच तर ओटीवर बसे आणि गोडधोड खाऊन जाई. तो स्वजातीचा असला तर पंगतीला बसे. नसला तर त्याचे पान निराळे किंवा त्याला नुसता निरोप. मैत्री मनाची असली तरी तिची सीमा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपत असे. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार ही जातीची दोन कुलुपे होती आणि पहिले कुलूप रोज दोन वेळा तपासले जाई.

हे पहिले कुलूप उघडण्याचा मराठी मुलखातला एक जुना प्रयत्न मुंबईत झाला. १८४९ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. ही मंडळी इंग्रजी शिकलेली आणि विचाराने निर्भय होती. सभेत येणाऱ्याला जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. केवढी ही क्रांती, असे आज कोणाला वाटेल आणि हसूही येईल. पण हा पावाचा तुकडा दारे लावून खाल्ला जात होता. सभा गुप्त होती आणि बैठकीतली गोष्ट बाहेर जाता कामा नये, असा दंडक होता. पुढे १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे फुटण्याचे भय पसरले आणि सभा मोडली. एका वहीने सभा मोडते, यावरून तो पावाचा तुकडा किती जड होता ते कळावे.

त्यानंतर तीस वर्षांनी पुण्यात जे घडले ते आपल्याला अधिक जवळचे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता हाती घेतला. हा सारा बेत गोपाळराव जोशी यांनी जुळवून आणला होता. डॉक्टर आनंदीबाईंचे पती ते हेच. त्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करविली. नावे चाळीसहून अधिक होती आणि त्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि गोखले होते. शहरात ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि चौकशीसाठी मंडळ नेमले गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवून शास्त्राच्याच भाषेत उत्तर दिले.

रानड्यांचे वागणे आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष पाहण्यासारखे आहे. बहिष्कार म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. घरी उपाध्याय येत नाही, श्राद्धपक्ष अडतो, लग्न ठरत नाही, सासरच्या लेकीला माहेरी पाठवीत नाहीत. पुढाऱ्यांना हे सोसता येते, पण त्यांच्याबरोबर चहाला गेलेल्या सामान्य गृहस्थाचा संसार त्यात भरडून निघतो. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले ते स्वतःसाठी नव्हे. बहिष्काराने गांजलेल्या स्नेह्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी तो कमीपणा पत्करला. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला असून त्यांना स्वतःला तो रुचला नव्हता, हेही त्यांनी लपविलेले नाही. सुधारक माघार घेतात, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. त्या टीकेत तथ्य होतेच. परंतु दुसरी बाजूही पाहावी. मित्रांबरोबर चहा घेतला म्हणून अपराध, आणि मित्रांसाठीच प्रायश्चित्त! ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ज्यांच्या पुण्याईने आपण अशा सभांना जमतो, त्यांना एका पेल्यापायी हे करावे लागले.

इकडे पुण्यात पेल्याचा वाद चालला असता मुंबईत निराळेच चक्र फिरू लागले होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली आणि दोन वर्षांत गिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष एकटे मुंबईत आले. घर गावाकडे, चूल गावाकडे आणि पोट मात्र येथे. या पोटांसाठी गिरणगावात खाणावळी निघाल्या आणि त्यांतल्या कितीतरी कष्टाळू बायकांनी चालविल्या. कचेरीत जाणाऱ्या बाबूंसाठी डबेवाले आले. डबा ही मोठी बोलकी वस्तू आहे. शहरात राहायचे, साहेबाची चाकरी करायची, पण अन्न मात्र घरच्याच हातचे खायचे, या आग्रहासाठी केवढी यंत्रणा उभी राहिली! खाणावळीतही पुष्कळदा गाव आणि जात पाहूनच माणसे जेवत. आगगाडीच्या स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा हाका ऐकू येत. शहरात आला म्हणजे माणूस आपोआप मोकळा झाला, ही समजूत खरी नाही.

पण शहराने एक गोष्ट निश्चित केली. त्याने भूक आणि वेळ यांची गाठ घातली. भोंगा वाजतो, गाडी सुटते, कचेरी भरते. सोवळे नेसून चुलीपाशी बसायला सवड राहत नाही. या नडीतून हॉटेल जन्मास आले. मुंबईत इराणी आले. यझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या या मंडळींनी चौकाचौकांत दुकाने मांडली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी ती घेत नसत आणि इराण्यांनी ती घेतली, असे सांगतात. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे, पुण्याचे गुडलक १९३५ सालचे. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, ब्रून-मस्का आणि चहा. इराण्याने गिऱ्हाइकाला जात विचारण्याचे कारण नव्हते, कारण या मुलखातल्या जातींच्या उतरंडीत तो स्वतःच बसत नव्हता. मुंबईकर मराठी माणसाने परक्याच्या हातचा पाव उघड्यावर, आरशासमोर बसून खाल्ला तो येथे. परमहंस सभेची गुप्त दीक्षा इराण्याने दोन-चार पैशांत जाहीर करून टाकली, असे म्हणायला हरकत नाही.

ज्यांना इराण्याकडे जाणे जड वाटे त्यांच्यासाठी दुसरी वाट निघाली. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली सुरू झाले. पुण्यात १९३५ साली पूना गेस्ट हाऊस निघाले. माटुंग्याला दक्षिण कानड्यातून आलेल्या मंडळींची उडुपी हॉटेले वाढली. या घरगुती वळणाच्या हॉटेलांच्या यशामागे एक गंमतीचे कारण आहे. जुन्या नियमाप्रमाणे ब्राह्मणाच्या हातचे शिजलेले अन्न बहुतेक सर्व जातींना चालत असे. त्यामुळे आचारी ब्राह्मण ठेवला की अन्नाबद्दलची शंका मिटे आणि गिऱ्हाईक वाढे. म्हणजे सोवळ्याच्याच नियमाने सोवळ्याचा पराभव केला. पहिला प्रश्न, 'शिजवले कोणी?' हा अशा रीतीने भटारखान्याच्या दाराआड गेला आणि हळूहळू विसरला गेला.

दुसरा प्रश्न होता, 'शेजारी कोण?' याचे उत्तर टेबलाने दिले. आपली पंगत आठवून पाहा. पाट, रांगोळी, ओळीने पाने. पंगतीत माणूस कोठे बसला यावरून त्याची पायरी कळते. वरच्या टोकाला मानकरी, खालच्या टोकाला आश्रित आणि पंगतीबाहेर बाकीचे जग. वाढप एकाच वेळी आणि एकाच पदार्थाचे. उठणेही सर्वांनी मिळून. हॉटेलातल्या टेबलाला वरचे टोक नाही. दोघे समोरासमोर बसतात, आपापल्या आवडीचे मागवतात आणि मनास येईल तेव्हा उठतात. पंगत समाजाची असते, टेबल दोघांचे असते. मैत्री नावाच्या नात्याला रक्त लागत नाही, जात लागत नाही, कुळाचा होकार लागत नाही. त्या नात्याला शोभेल असे बसण्याचे ठिकाण आपल्या जुन्या घरात नव्हते. ते हॉटेलने दिले.

येथवरची हकीकत सुखाची वाटेल. पण हे टेबल सर्वांना खुले नव्हते, हे सांगितल्यावाचून ती अर्धीच राहील. १९१७ साली डॉक्टर आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते जात लपवून एका पारशी विश्रामगृहात उतरले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेले लोक चालून आले आणि त्यांना तेथून घालवून देण्यात आले. आपल्याजवळच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडेही त्यांना आसरा मिळाला नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कित्येक गावांच्या हॉटेलांत दलितांसाठी कप निराळे ठेवीत. चहा बाहेर उभ्याने प्यायचा आणि कप आपला आपण धुऊन ठेवायचा. पैसे मात्र तेच, त्यांना विटाळ नव्हता!

याच काळात कोल्हापुरात एक चहाचे दुकान निघाले आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची जागा फार मोठी आहे. गंगाराम कांबळे हे राजवाड्यात नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना पैसे देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढून दिले. गंगारामांनी दुकान थाटले, पण वरच्या जातीचे गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवू लागले. स्वतः चहा मागवीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. राजानेच घेतल्यावर नाही कोण म्हणणार! महाराजांनी समतेचे पुष्कळ हुकूम काढले, पण हुकमाने चहाची तहान लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ते स्वतः जाऊन बसले.

पुढचा रस्ता तितका सरळ नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक मंडपात परतले, तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांच्यावर हल्ला झाला आणि शिजलेले अन्न मातीत गेले. अन्नावरच घाव का घातला गेला, याचा विचार करावा. रत्नागिरीत १९३०च्या दशकात सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजने झाली आणि १९३३ साली तेथे अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. सहभोजन हा शब्द त्या काळी वर्तमानपत्रांत बातमीचा होता. कोण कोणाबरोबर जेवले, याची नावानिशी यादी छापत. यादी पूर्वी बहिष्कारासाठी छापली जाई, ती आता गौरवासाठी छापली जाऊ लागली, हाही बदल लहान नव्हे.

अखेर २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांमुळे तेथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. घटनेसारख्या गंभीर ग्रंथात हॉटेल कशाला, असे ज्याला वाटेल त्याने बडोदे आणि महाड आठवावे. १९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा झाला, त्यात उपाहारगृहातील भांडी वापरण्याचा हक्कसुद्धा नोंदविला गेला. १९७६ साली त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. निराळा कप ठेवणे हा गुन्हा झाला.

आता पुन्हा वाढदिवसाकडे येऊ. शाळेचा दाखला आणि नोकरीचे कागद यांनी तिथी मागे सारली आणि तारीख पुढे आणली. तारीख आली आणि वाढदिवस मित्रांना कळू लागला. तिथी घरच्यांनाच ठाऊक असे, तारीख कचेरीतल्या शेजाऱ्यालाही ठाऊक असते. मग केक आला, मेणबत्त्या आल्या. पूर्वी ज्योत ओवाळीत, आता फुंकतात, अशी जुन्यांची तक्रार असे. बायकांच्या वाट्याला हे सुख आणखी उशिरा आले. हॉटेलांतून त्यांच्यासाठी 'फॅमिली रूम' नावाचे लाकडी आडोसे असत आणि तेथेही त्या बहुधा घरच्या पुरुषाबरोबर जात. दोघी मैत्रिणी कोणाच्या सोबतीवाचून हॉटेलात जाऊन एकीचा वाढदिवस साजरा करतात, हे आज कोणाला वावगे वाटत नाही. पण ते सहज झालेले नाही.

या नव्या रिवाजातही एक जुनी खूण राहिली आहे. कॉलेजातली मुले एरवी 'तुझे तू, माझे मी' या न्यायाने बिल वाटून घेतात. पण वाढदिवस असला की ज्याचा वाढदिवस त्यानेच खर्च करायचा! मित्र हक्काने म्हणतात, "आज तुझ्याकडून." बारकाईने पाहिले तर हा जुना यजमानच आहे. ज्याचे मंगल, त्याने चार जणांना जेवू घालावे, ही घरातली रीत हॉटेलात चालत आली. अंगण बदलले, यजमानपण गेले नाही.

तर मग सारे साधले काय? माझे उत्तर सावध आहे. हॉटेलने जात विचारायचे सोडले, पण खिसा विचारायला सुरुवात केली. पंगतीत गरीब आप्ताला खालच्या टोकाला का होईना पान मिळे. हॉटेलच्या दारात पाकीट नसलेल्याला तेवढेही नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. हॉटेलातले टेबल आपले नसते. तेथे कोणाबरोबरही बसणे सोपे असते, कारण भांडी आपण घासत नाही, घरातली वडील माणसे पाहत नाहीत आणि उठलो की टेबल पुसले जाते. म्हणूनच कित्येक मैत्र्या हॉटेलात वाढतात आणि हॉटेलातच राहतात. वर्षानुवर्षे ज्याच्याबरोबर बाहेर जेवलो, त्याला सणाच्या दिवशी घरच्या पानावर कधी बोलावले का, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या मनाशी विचारून पाहावा. कायद्याने उपाहारगृहाचे दार उघडले. स्वयंपाकघराचे दार कायद्याच्या हातचे नाही.

तेव्हा वाढदिवशी मित्राला घेऊन खुशाल बाहेर जावे, आवडीचे मागवावे आणि हिशेब न करता खावे. फक्त पुढच्या खेपेस त्याला घरी बोलवावे, घरच्यांच्या पंगतीत आपल्या शेजारचे पान त्याला द्यावे आणि आईने आपल्याबरोबर त्यालाही ओवाळावे. रानडे ज्या स्नेह्यांसाठी वाकले आणि शाहू महाराज ज्या दुकानापुढे थांबले, त्यांचे आपण काही देणे लागत असू, तर ते फेडण्याची याहून सोपी रीत मला तरी दिसत नाही.